बाकावरचा व्यापारी

खून, दरोडे, गांजाच्या गाड्या, नोकरीत पाहिलेलं बरंचसं आता पुसट होत चाललंय. पण कॉलेजच्या बाकावर डबा घेऊन बसलेला तो संत्र्यांचा व्यापारी डोळ्यांपुढून काही हलत नाही. खरं तर त्यात केस म्हणावं असं काहीच नव्हतं. अटक नाही, कोर्टात चालान नाही, पेपरात दोन ओळी नाहीत. तरी निवृत्तीनंतर कोणी विचारलं, "साहेब, तुमची लक्षात राहिलेली केस सांगा," तर माझ्या तोंडी आधी हीच येते आणि समोरच्याची निराशा होते.

तेव्हा मी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला ठाणा प्रभारी होतो. पांढुर्णा अजून जिल्हा व्हायचा होता, त्यामुळे सगळ्या कागदांना छिंदवाड्याची वारी चुकत नसे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून दगडफेक होते, त्या गोटमारीचा बंदोबस्त नुकताच उरकला होता. तो बंदोबस्त ज्यानं केलाय त्याला माहीत आहे, नंतरचे काही दिवस ठाण्यात कोणी मोठ्यानं बोलतसुद्धा नाही. कोणाचे पाय सुजलेले असतात, कोणाचा खांदा उतरलेला असतो. अशात एका बाईंचा फोन आला. गावाबाहेर भाड्याच्या इमारतीत कम्प्युटरची डिग्री देणारं एक खाजगी कॉलेज होतं, तिथल्या त्या शिक्षिका. नाव सांगणार नाही म्हणाल्या.

"साहेब, आमच्या वर्गात एक माणूस येऊन बसतो."

"काय करतो?"

"काहीच नाही. तेच तर."

सकाळी वर्ग उघडला की येतो, मुलींच्या बाजूच्या एका बाकावर बसतो, मधल्या सुट्टीत डबा खातो, कॉलेज सुटलं की जातो. वही नाही, पेन नाही, मोबाईलला हात नाही. मी विचारलं, तुम्ही हटकलं नाही का? तर म्हणाल्या, "हटकलं. तो म्हणाला, तुम्ही शिकवा मॅडम, माझी काही हरकत नाही."

मला हसू आलं, पण मुलींच्या बाजूला अनोळखी माणूस बसतोय ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मी आमच्या हेड कॉन्स्टेबलला साध्या कपड्यांत पाठवलं. तो तासाभरात परत आला, तोच दात काढत.

"साहेब, तो अनोळखी कायचा? सावरगावचा संत्रावाला हाय तो. अर्धं गाव ओळखते त्याले. मले पाहून रामराम केला न् बसूनच राहिला."

आता मात्र माझं कुतूहल चाळवलं. दिवस होते आंबिया बहाराच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमारास उतरणाऱ्या संत्र्यांच्या, सौद्यांचे. त्या दिवसांत संत्र्याचा व्यापारी घरी जेवायलासुद्धा सापडत नाही. आज या बगीच्यात, उद्या त्या बगीच्यात, झाडावरची फळं पाहून अंदाज बांधायचा आणि दुसऱ्याच्या आधी सौदा पक्का करायचा. वर्षाची कमाई त्या काही आठवड्यांत ठरते. आणि हा माणूस सगळं सोडून कम्प्युटरच्या वर्गात बसलाय. याला झालंय काय?

मी चौकशीला जाणार, त्याच्या आधी कॉलेजचे संचालकच तक्रार घेऊन आले. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. वर्गात अनधिकृत प्रवेश, शिकवण्यात अडथळा, आणि आज सकाळी कॉलेजच्या बाबूला धक्काबुक्की. मी विचारलं, इतके दिवस बसू दिलं, मग आजच धक्काबुक्की कशी झाली? ते म्हणाले, "डोकं फिरलंय त्याचं." मग मूळ भानगड काय, ते त्यांनी सांगितलं. त्या माणसाच्या मुलीनं या वर्षी प्रवेश घेतला होता. पहिल्या वर्षाची फी भरली. काही आठवड्यांतच मुलीनं कॉलेज सोडत असल्याचा अर्ज दिला. कॉलेज म्हणालं, उरलेल्या दोन वर्षांची फीही भरा, मगच दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट आणि टी.सी. परत मिळेल.

"न शिकलेल्या वर्षांची फी?" मी म्हणालो.

"साहेब, ती जागा आता तीन वर्षं रिकामी राहणार. ते नुकसान आम्ही कुठून भरायचं?"

मूळ मार्कशीट अशा अडवून ठेवता येत नाहीत, एवढं मला ठाऊक होतं. पण ते विद्यापीठानं बघायचं काम, ठाण्याचं नव्हे. मी एवढंच विचारलं, तो पैशांसाठी तगादा लावतो का? संचालक थोडे अडखळले. "नाही. पैशाचं तो बोलतच नाही. ऑफिसात पाय ठेवत नाही. सरळ वर्गात जातो." हे उत्तर माझ्या डोक्यात अडकून राहिलं.

त्याला ठाण्यात बोलावलं. माझी एक सवय होती. माणूस आला की लगेच विचारपूस करायची नाही, बाहेर बसू द्यायचं आणि दारातून बघत राहायचं. ज्यानं काही केलेलं असतं तो दर थोड्या वेळानं दाराकडे बघतो. ज्याला खोटं गोवलंय तो भेटेल त्या शिपायाला आपली कहाणी सांगत सुटतो. हा गडी दोन्हीतला नव्हता. हातातला डबा मांडीवर घेऊन तो निवांत बसला. बसायची चांगलीच सवय झाली होती त्याला.

आत घेतलं. पन्नाशीचा, रापलेला, पांढरा पायजमा, खांद्यावर दुपट्टा.

"भाऊ, काय चाललंय हे?" मी म्हणालो.

"काय चाललं साहेब? मी चोरी करून राहिलो का? बसून राहिलो फक्त. पैसे भरले मी त्या जागेचे."

"पैसे मुलीच्या शिक्षणाचे भरले. तुम्ही कशाला बसता?"

तो माझ्याकडे असं बघू लागला, जसं काही साहेब कुठल्या गावाहून आलाय. मग समजावून सांगावं तसं म्हणाला, "बगीचा घेतला का आपन काय करतो? बयाण्याचे पैसे देतो न् त्याच दिवशी राखणदार बसवतो. राखणदार उठला का बगीचेवाला समजते, याचा सौद्यातून जीव उठला. मंग तो दुसऱ्याले देऊन टाकते. पोरगी नाही जाऊन राहिली, तं मी बसलो. जागा सुनी ठेवाची नसते."

मी कपाळाला हात लावला. कॉलेजच्या प्रवेशाला यानं झाडावरच्या संत्र्यांचा कायदा लावला होता. पण खरं सांगतो, मला ते फार आवडलं. वकिलाकडे जाणारे बाप पाहिले, आमदाराची चिठ्ठी आणणारे पाहिले, मुलीच्या बाकाची राखण करणारा बाप पहिल्यांदाच पाहत होतो. तरी माझ्या मनात हिशेब एवढाच होता की हा फी वसूल होईपर्यंत ठिय्या देऊन बसलाय.

"आणि मुलगी? तिचं काय म्हणणं?"

इथं त्याचा आवाज खाली आला. "तिले ढोरांच्या डॉक्टरीचा डिप्लोमा कराचा हाय म्हणे. नंबर लागला तिचा. सोमवारी शेवटची तारीख हाय, ओरिजनल कागद घेऊन या म्हणते. ढोराच्या मागं फिरवाचं असतं तं इतकं शिकवलं काहून म्या?"

म्हणजे घोडं इथं अडलं होतं. सोमवारपर्यंत मार्कशीट हातात आल्या नाहीत तर त्या पोरीचं वर्ष वाया जाणार होतं, आणि मिळालेली जागाही जाणार होती. मधे फक्त शनिवार आणि रविवार. विद्यापीठाकडे तक्रार करा असं सांगून मी मोकळा झालो असतो, पण उत्तर येईपर्यंत पोरगी घरीच बसली असती.

मी बयान, म्हणजे जबाब, लिहायला ठाण्याच्या लेखनिकाला, मुंशीला बोलावलं. आमच्याकडे माणूस बोलतो मराठीत आणि कागदावर उतरतो हिंदीत, त्यामुळे प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारावी लागते. त्याचा कधी कधी फायदा होतो. मुंशीनं विचारलं, बाबूला धक्का का दिला?

"तो मले उठवून राहिला होता. एक नवी पोरगी आणली त्यानं. म्हणे, भाऊ उठा, हे आता इची जागा हाय, आजपासून ॲडमिशन झाली इची. मी म्हटलं, माह्या जागेवर दुसऱ्याले कसा बसवतं? अन् हात झटकला."

मुंशी लिहीत होता. मी खुर्चीत सरळ झालो. ज्या गोष्टीचा या माणसाला अपमान वाटला होता, तीच त्याच्या मुलीची सुटका होती आणि त्याच्या ते गावीही नव्हतं. तीन वर्षं रिकामी राहणारी जागा महिनाभरही रिकामी राहिली नव्हती. आणि संचालकांनी तक्रारीत भांडणाचं कारण का लिहिलं नाही, तेही आता कळलं.

मी लगेच जीप काढून कॉलेज गाठलं. ती नवी मुलगी सौंसरकडची, मामासोबत आली होती. बिचारी पोलीस पाहून रडायच्या बेतात. मी म्हणालो, बेटा, तू काही केलं नाहीस, फक्त प्रवेश कसा मिळाला तेवढं सांग. तिच्या मामानंच सांगितलं, "सगळ्या जागा भरल्या होत्या साहेब. मंग फोन आला का एक पोरगी सोडून गेली, तिची जागा खाली हाय, उद्याच पैसे भरा."

संचालकांनी तोवर चहा मागवला होता. मी चहा घेतला नाही. म्हणालो, "तुमची तक्रार मी घेतो, अगदी नियमानं घेतो. पण ती जागा कोणाची होती हे मला कागदावर आणावं लागेल. या मुलीचं बयान होईल, मामाचं होईल, तुमच्या मंजूर जागांची माहिती विद्यापीठाकडून मागवीन. एका जागेचे दोघांकडून पैसे घेतले का, हे पण मग विचारावं लागेल." मी आवाज चढवला नाही. आवाज चढवला की असल्या लोकांना बरं वाटतं, त्यांना तक्रारीला आणखी एक विषय मिळतो.

संध्याकाळी त्यांचा बाबू ठाण्यात आला. तक्रार मागे घेतल्याचा अर्ज, मूळ मार्कशीट, टी.सी., आणि प्रवेशाचा खर्च कापून बाकी फीचा चेक. माझी त्यात फार मर्दुमकी नव्हती. ते मला नाही, विद्यापीठाला घाबरले होते. पुढे ते कॉलेज चाललंही नाही. आता त्या इमारतीत लग्नं लागतात.

शनिवारी सकाळी मी बाप-लेकीला बोलावलं. मुलगी स्कूटीवरून आली, उंच, बापासारखीच हट्टी हनुवटी. मार्कशीट हातात पडल्यावर तिनं त्या एक-एक करून पाहिल्या, आणि डोळे भरून आले तिचे. "थँक्यू सर," एवढंच म्हणाली.

मी खुशीत होतो. व्यापाऱ्याच्या पुढे चेक सरकवला. "घ्या भाऊ, जिंकलात तुम्ही. कॉलेजनं तुमची जागा दुसरीला दिली, तिथंच ते फसले."

तो चेककडे बघेना. "म्हणजे जागा गेली?"

"गेली. त्याशिवाय पैसे कसे मिळाले असते?"

"परत नाही भेटणार?"

"आता कशाला हवी?"

तो माझ्याकडे न बघता, दुपट्ट्याचं टोक चोळत म्हणाला, "पोरगी उद्या म्हणली का बाबा, माह्यं चुकलं, मले कॉलेजले जाचं हाय, तं तिनं बसावं कुठं?"

हा माणूस ऐन सौद्याचे दिवस घालवून तिथं बसला होता तो फीसाठी नव्हे. घरात भांडण झालं, पोरीनं रागात कॉलेज सोडलं, राग उतरला की परत जाईल, तोवर तिची जागा धरून ठेवू, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मार्कशीट अडल्या म्हणून पोरगी रोज रडत होती, आणि बाप रोज डबा घेऊन तिच्याच जागेवर जाऊन बसत होता. दोघं एका घरात राहत होती आणि एकमेकांना हे बोलली नव्हती. मला फार वाईट वाटलं. चेक पुढे सरकवून जिंकलात म्हणणारा मीच त्या खोलीत सर्वांत मागे होतो.

मुलीलाही हे तेव्हाच कळलं असावं. ती म्हणाली, "बाबा, मी रागात नाही सोडलं. मले तठी काहीच समजत नव्हतं. मी नाही जाणार परत."

"जामसांवलीच्या हनुमानाले नारळ फोडला होता म्या तुह्या ॲडमिशनचा."

"या ॲडमिशनचा पण फोडा. मी येतो संग."

चेकची घडी करून बापानं खिशात ठेवली, बघितलीही नाही रक्कम किती ते. मुलीनं मार्कशीट पिशवीत ठेवल्या. मग तिनं विचारलं, "सोमवारी याल का बाबा? पालकाची सही लागते. अन् मले एकटीले भेव वाटते."

मुंशीनं पेन खाली ठेवलं. व्यापाऱ्यानं डोकं वर केलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "तठी बापाले बसू देते का?"

"दारापर्यंत," मुलगी म्हणाली. ती रडतही होती आणि हसतही होती.

"मंग दारापर्यंत येतो," तो म्हणाला आणि उठला.

सोमवारी तो गेला, सही केली, हे मला हेड कॉन्स्टेबलनं सांगितलं. पुढे मुलीचा डिप्लोमा झाला, आणि आता सावरगावच्या बाजूला कोणाची गाय अडली की तिलाच फोन जातो म्हणतात. बाप अजून कुरकुरतो, असंही ऐकलं.

या केसनं मला एक गोष्ट शिकवली आणि ती मी शेवटपर्यंत वापरली. पैशाचं भांडण घेऊन कोणी ठाण्यात आलं की मी त्याचं सगळं ऐकून घ्यायचो, कागद बघायचो, आणि मग एक प्रश्न जास्तीचा विचारायचो: समजा पैसे आत्ता मिळाले, तर तुम्ही खुशीनं घरी जाल ना? जो लगेच हो म्हणतो, त्याचं काम सोपं असतं. जो उत्तर द्यायला थांबतो, त्याला मी चहा मागवायचो आणि मुंशीला म्हणायचो, पेन खाली ठेव. थांबणारे पुष्कळ निघाले.