सोपी शीर, अवघड शीर

आम्ही चार सिस्टर चहाला जमलो की गप्पा फिरून फिरून शिरांवरच येतात. लातूरच्या वॉर्डात मी भूकंपानंतर दोन-तीन वर्षांनी लागले, तेव्हापासूनचे किस्से साठलेत. आमच्या इन्चार्ज बाईंचा नियम कडक होता: सलाईनची सुई दोनदा चुकली की ट्रे खाली ठेवायचा आणि दुसरीला हाक मारायची. मला त्या हाकेची भारी लाज वाटायची. म्हणून पेशंट आला की मी केसपेपरच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवायचे, 'सोपी' किंवा 'अवघड'. हा अंदाज चुकू द्यायचा नाही, असं मनाशी पक्कं केलं होतं.

पहिलाच पेशंट दालमिलचा हमाल. हातावर दोरखंडासारख्या शिरा! मी ऐटीत 'सोपी' लिहिलं. पण सुई टेकली की शीर बाजूला सटकायची. दोन्ही वेळा हुकलं. तो शांतपणे म्हणाला, "निवांत टोचा बाई, आज तसंबी कामावर जायचं न्हाई."

मग तापानं फणफणलेले कोचिंग क्लासचे एक सर आले. हात गुबगुबीत, शीर दिसेचना. 'अवघड' लिहिलं आणि अंदाज अगदी बरोबर आला. म्हणजे दोनदा चुकले! सर म्हणाले, "सिस्टर, तुमच्यात निगेटिव्ह मार्किंग नाही का?"

सरूबाईंचा डावा हात भूकंपात भिंतीखाली दबलेला. त्यांनी आधीच सांगितलं, "उजव्या मनगटाला शीर लागती, पोरी." मला मात्र डाव्या हातावर एक शीर छान दिसत होती. तिथंच टोचलं आणि हुकले. बाईंनी उजव्या हातातल्या बांगड्या मागं सारल्या. मी फार ओशाळले. तेव्हापासून आधी विचारते, मागच्या वेळी कुठं लागली होती?

पण खरी विद्या दिली ती खालांनी. सगळा वॉर्ड त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. त्या बाजारात बांगड्या भरायच्या आणि शुगरमुळं वरचेवर ॲडमिट व्हायच्या. मी हात डोळ्यांजवळ नेऊन शीर शोधतेय, हे बघून वैतागल्या. "आँखां मूँद. हात दाब को देख." गिऱ्हाइकाचा पंजा दाबला की बांगडीचं माप कळतं, नुसतं बघून कधीच कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेजारच्या तीन बायकांचे हात त्यांनी मला डोळे मिटून दाबायला लावले. त्यानंतर माझा अंदाज क्वचितच चुकला.

खुद्द त्यांचा हात मात्र वॉर्डात सगळ्यात अवघड. जागा एकच, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, खोल, आणि ती फक्त माझ्या बोटांना ठाऊक. मी नसताना त्या बेशुद्ध आल्या तर? हा घोर मी त्यांना बोलूनही दाखवला.

आणि तसंच झालं. मी नांदेडला बहिणीकडे गेलेले. परत आले त्या दिवशी गेटवरच कळलं, खालांना बेशुद्ध आणलंय. धावतच वॉर्डात शिरले. ड्युटीवर आठवड्यापूर्वी लागलेली नवी सिस्टर, आणि सलाईन चालू होतं. खाला आता कुठं डोळे किलकिले करत होत्या.

"किती वेळा टोचलंस?"

"एकदाच."

मी खालांचा हात उचलला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, सुईला अगदी लागून, मेंदीचा एकच ठिपका होता.

त्यांची सून म्हणाली, "हर जुम्मेको लगवा लेते. कायकू पूछे तो बोलते नै."