खंडेनवमीला विसावलेला चार्जर

अन्याय रशीदमामांवर झाला. गेल्याच्या आदल्या वर्षी, खंडेनवमीला, भर दुपारी, उंब्रजच्या अलीकडे हायवेवरच्या एका चार्जिंग स्टेशनवर. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही नेमकं हेच विसराल... सगळे विसरलेत.

माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. मी पत्रकं लिहिणारी मुलगी. भानामती, अंगात येणं याविरुद्ध तासगावच्या बाजारात उभी राहून बोललेली आहे. आता 'हिलाच बाधा झाली' म्हणून हसायचं तर हसा. पण पुरतं वाचून हसा.

आमचं गाव तासगावजवळ. पेशंटची ने-आण करायला गावच्या मंडळानं इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली आणि मिलिटरीतून रिटायर झालेले रशीदमामा तिच्यावर ड्रायव्हर. माझी शालनकाकू किडनीची पेशंट, तिचं डायलिसिस सांगलीत. त्या नवरात्रात ती मेढ्याच्या वर डोंगरात माहेरी गेली होती. खंडेनवमीला तिची डायलिसिसची पाळी, म्हणून मामा तिला आणायला गेले. येताना उंब्रजला चार्ज करायचं ठरलेलं. ॲपवर चार्जर हिरवागार, म्हणजे चालू!

प्रत्यक्षात चार्जरच्या गळ्यात झेंडूचा हार आणि स्क्रीन काळीठिक्कर. आपल्याकडे त्या दिवशी पाना, नांगर, मोटार – सगळ्यांना हळदकुंकू आणि सुट्टी. स्टेशन सांभाळणाऱ्या विलासनं मेन स्विच पाडला, पूजा केली, स्विचच्या पेटीला कुलूप घातलं आणि गावाकडे गेला. दुसरी गाडी मिळेपर्यंत दिवस कलला. काकूची पाळी चुकली. त्याच आठवड्यात ती गेली.

मंडळाच्या बैठकीत खापर मामांवर. का, तर म्हणे यांनी 'रीजन' कमी ठेवलं. म्हणजे उतारावर पाय उचलला की ही गाडी स्वतःला आवरते आणि तेवढं चार्जिंग बॅटरीत परत जातं. ते पूर्ण ठेवलं असतं तर गाडी सांगलीला पोचली असती, असं घरबसल्या ठरलं. चावी काढून घेतली. "बाईचा जीव घेतलास," असं तोंडावर म्हणाले.

मी गप्प बसणारी नव्हे. भांडून भांडून पुढच्या खंडेनवमीला गाडीची चाचणी मिळवली. तोच रस्ता, तोच ड्रायव्हर आणि मागे डावीकडे, काकूच्या जागेवर मी. तपासायचं ते एवढंच – पल्ला, चार्जिंग, आराम, ताकद.

ताकदीला नाव ठेवायला जागा नाही. मेढ्याच्या चढाला मामा म्हणाले, "डिझेलची जीप हितं रडायची. हिला चढ हाय म्हनून सांगायला लागतं!"

आराम? तो पुढच्या सीटवर बसणाऱ्यांचा. मागे पायाखाली बॅटरी, त्यामुळे गुडघे वर आणि मांड्या अधांतरी. परतताना उतारावर मी हट्टानं रीजन पूर्ण ठेवायला लावलं. मामांनी पाय उचलला की हिसका, परत उचलला की परत हिसका... शेवटी गाडी थांबवून मी रस्त्याकडेला ओकले.

मामांनी पाण्याची बाटली पुढे केली. "कळलं का आता, ताई? वैनींच्या अंगात पानी साचल्यालं. दर हिसक्याला 'आई गं' म्हनायच्या. मी बटनाकडं बघू का मानसाकडं?"

आणि एवढं ओकूनही उंब्रजला पोचेपर्यंत सांगली गाठण्याइतकं चार्जिंग उरलं नव्हतंच! जाहिरातीतला पल्ला सपाट रस्त्यावरचा. आमच्या वाट्याला घाट. मामा निर्दोष. माझ्या डोक्यात पत्रक तयारसुद्धा झालं होतं.

चार्जरला पुन्हा हार. विलासला मी साक्षीला थांबवून ठेवलं होतं.

"आज न्हाई, ताई. वरीसभर राबतोय, एक दीस तरी इसावा नगं?"

त्यानं पेटी उघडून दाखवली. मेन स्विचचा दांडा खाली. मी फोटो काढला. तेवढ्यात मामांनी चार्जरची गन उचलून गाडीला लावली.

"मामा, बंद आहे तो."

"ठावं हाय गं. त्या दिशीबी ठावं हुतं. तरीबी लावली हुती... वैनी बघत हुत्या."

टक् असा आवाज झाला. आणि गाडीच्या स्क्रीनवर चार्जिंग सुरू.

चार्जर काळा. ना पंख्याचा आवाज, ना दिवा. विलास पेटीकडे धावला. "आयशप्पत... खालीच हाय की ओ दांडा!" आम्ही तिघं उन्हात उभे, आकडा चढत होता. सांगली गाठण्यापुरता झाला आणि आपोआप थांबला.

मी पुढे येऊन बसले. मामांनी स्टार्टचं बटण दाबलं तशी पिंग-पिंग सुरू झाली – मागची डावी सीट, पट्टा लावलेला नाही. सीटवर पिशवीसुद्धा नव्हती.

मामा हळूच म्हणाले, "वैनी पट्टा कवाच लावत न्हवत्या. पोटाला रुततो म्हनायच्या."

ते उतरले. रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला, जरा सैल धरला, लावला. आवाज थांबला. आम्ही सांगली गाठली. दवाखान्याच्या दारात मामांनी मागचं दार उघडलं, माणूस उतरायला लागतो तेवढं थांबले आणि मग लावलं.

सीटचा सेन्सर बिघडतो, मान्य. पण चार्जिंग कुठून आलं? वीजवाल्यांना विचारलं, गाडीवाल्यांना विचारलं. चार्जरकडे नोंद नाही, गाडीकडे आहे. उत्तर कुणाकडेच नाही. माझ्याकडेही नाही, आणि खोटं उत्तर मी देणार नाही.

पण याचं पुढे काय झालं ते ऐका. मंडळ म्हणालं, "बघा, खंडेनवमीलाबी चार्जिंग हुतंय! मग दोष रशीदचाच." मी ज्यांच्यासाठी पुरावा आणायला गेले, त्यांच्यावरच तो उलटला. चावी अजून दुसऱ्याकडे. आणि त्या चार्जरपुढे आता लोक नारळ फोडतात, उदबत्त्या लावतात. काकू असती तर म्हणाली असती, उदबत्ती कशाला, लाइट लावा की रं.

तो चमत्कार असेल, नसेल. त्याच्या आदल्या वर्षी, जिवंत बाई गाडीत बसलेली असताना, झाला नव्हता. त्या दिवशी दांडा वर करायला एक माणूस हवा होता, आणि तो नव्हता.

म्हणून तुम्हाला सांगते. कराड-सातारा रस्त्यानं जाणार असाल, तुमच्या गावात असा चार्जर असेल, तर यंदाच्या खंडेनवमीला तिथं जा. स्क्रीन काळी दिसली तर माणूस येईपर्यंत हलू नका. आणि आमच्या मंडळातलं कुणी हे वाचत असेल तर आधी रशीदमामांच्या हातात चावी द्या, मग भुताचं बोला.

यंत्राला हार खुशाल घाला. स्विच पाडू नका.