बाळाला हसवायचं नाही

परवा रावेतला भाच्याच्या मुलीचं बारसं होतं. पाळण्याभोवती मोठमोठी माणसं जीभ काढून, डोळे फिरवून बाळाला हसवत होती... सगळ्यात पुढे माझा धाकटा भाऊ शरद, म्हणजे बाळाचा आजोबा.

मी खुर्चीवर बसून बघत होते. या शरदला हसवायला एकेकाळी आमच्या घरात बंदी होती, हे तिथे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

ही गोष्ट पन्नास सालानंतरची. पिंपरीला औषधाचा कारखाना नवा नवा सुरू झाला होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे पॅकिंग खात्यात लागले आणि आम्ही सातारा सोडून कासारवाडीत आलो. बायजाक्का नावाच्या तिथल्याच बाईंनी दोन खोल्या दिल्या. मी नऊ वर्षांची होते.

शरद तिथे जन्मला... वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला. आईने ग्रहणात विळी हातात घेतली असणार, असं गावाकडून काकांचं पत्र आलं. अण्णांनी ते एकदा वाचलं आणि बंबात घातलं. त्या विषयावर आमच्या घरात झालेलं बोलणं एवढंच.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, दहा पौंड वजन भरलं की ओठ शिवून देऊ. पण पोराला अंगावर ओढता येत नव्हतं, सगळं दूध चमच्याने पाजायचं. बायजाक्का समोर बसून चुटक्या वाजवायच्या, तो खुदकन हसायचा, तोंड उघडलं की आई चमचा आत सारायची. एका वाटीला तास जायचा... पण जायची वाटी पोटात.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. टाके कच्चे असतील तोवर बाळाला रडू द्यायचं नाही आणि हसवायचंही नाही. ओठ ताणला की टाके तुटतील.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. माणूस अत्यंत शिस्तीचा. चपलासुद्धा एका रेषेत लागायच्या. हसताना मी त्यांना पाहिलेलं नव्हतं आणि त्यात काही कमी आहे असंही मला वाटत नव्हतं... वडील असेच असतात, अशी माझी समजूत.

त्यांनी घरी येऊन जाहीर केलं, "ऐन वेळी जमत नसतं. सराव आजपासून."

झालं! बाळासमोर कुणी हसायचं नाही, चुटक्या नाहीत, बडबडगीतं नाहीत. बायजाक्कांनाही सक्त ताकीद. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आवो, पोराला हसाय बंदी? आसं कुटं आस्तंय व्हय!" पण अण्णांपुढे त्यांचंही चाललं नाही.

आम्ही सगळे मख्ख चेहऱ्याने वावरू लागलो. मला तर मजा वाटायची, शाळेतल्या खेळासारखी. शरद पहिले दोन-तीन दिवस प्रत्येकाच्या तोंडाकडे आशेने बघायचा... मग त्याने बघणं सोडलं.

आणि तोंड उघडणंही सोडलं. चमचा ओठाशी नेला की मान फिरवायचा. अर्धं दूध हनुवटीवरून झबल्यात जायचं. आई झबलं बदलायची आणि पुन्हा वाटी भरायची.

तीन आठवड्यांनी पुण्याला नेलं तेव्हा वजन वाढायचं सोडून पाव पौंड उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर ऑपरेशनचं विसरा, मूलच हाती लागायचं नाही. आईने पदर तोंडात धरला. अण्णांनी मात्र मान ताठ ठेवून आमच्या सरावाची सगळी हकिगत सांगितली. शाबासकी मिळेल असं त्यांना वाटलं असावं.

डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिले. "अहो, ते नंतरचे आठ दिवस! आत्ता हसवा त्याला. पोट दुखेपर्यंत हसवा!"



घरी आल्यावर आई वाटी घेऊन बसली. हसवायचं कुणी आणि कसं... आईने तोंडाने 'टॉक' आवाज काढून पाहिला आणि तिलाच रडू फुटलं. मी टाळ्या वाजवल्या, बायजाक्कांनी चुटक्या. शरद छताकडे बघत पडलेला.

मग अण्णा उठले. टोपी काढली, गुडघ्यांवर बसले, तोंड शरदच्या पोटाजवळ नेलं आणि कारखान्याचा भोंगा काढला. "भोंऽऽऽऽ..." खरोखरच्या भोंग्याइतका मोठा.

मला वाटलं, याला धडकी भरणार. शरदने त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं... आणि तो त्याचा फाटका ओठ चांगला रुंद करून खिदळला. आईने डोळे न पुसताच चमचा आत सारला.

त्यानंतर रोज शिफ्टवरून आले की अण्णा हातपाय धुऊन वाटीभर भोंगे वाजवायचे. पुढेपुढे भोंग्याचीही गरज उरली नाही, ते नुसते दारात दिसले तरी शरद हसायला लागायचा. दीड महिन्यात दहा पौंड भरले आणि ऑपरेशन झालं.

वॉर्डात आईच्या मदतीला मी होते. आठही दिवस अण्णा शिफ्ट सुटल्यावर पुण्याला यायचे, पण खाटेजवळ एकदाही आले नाहीत. बाहेर व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसायचे आणि मला हळूच विचारायचे, "प्यायला का ग?"

आत येऊन का बघत नाही, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "मला बघितलं की हसतो ना तो."

अण्णांना पाहून कुणी हसतं, हे सांगताना त्यांचा चेहरा कसा झाला होता, ते मला आजही लिहिता येत नाही. मला त्या दिवशी माझ्या भावाचा हेवा वाटला... खोटं कशाला बोलू, अजूनही थोडा वाटतो.