दुपट्ट्याखालचा तास

चौऱ्याऐंशी साली उत्तम गजभिये मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या एका खाजगी शाळेत अकरावीला अर्थशास्त्र शिकवत होता. नोकरी तात्पुरती. जुलैत घ्यायचे, एप्रिलअखेर सोडायचे. वर्षाला दहा पगार. उरलेले दोन महिने तो लग्नांचे मांडव घालायला जायचा आणि कोणी ओळखीचं भेटलं तर ‘नवरीकडून आलो’ म्हणून सांगायचा.

पुस्तक हिंदीत होतं. त्यात मागणी चढायची, पुरवठा उतरायचा आणि उदाहरण असायचं कॉफीचं. वर्गात कॉफी प्यालेलं कोणी नव्हतं. उत्तमही नाही. फेब्रुवारीत एक दिवस त्यानं पुस्तक मिटलं आणि पिशवीतून वडलांचा दुपट्टा काढून टेबलावर पसरला.

वडील भाऊराव संत्र्याच्या मंडईत हमाल होते. तिथे भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि शेतकरी दुपट्ट्याखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबतात. एक बोट म्हणजे शेकड्याला दहा रुपये, पूर्ण पंजा म्हणजे पन्नास. बघणाऱ्याला काही कळत नाही. हमाल मात्र फार जवळ उभा असतो. भाऊरावांना नुसतं मनगट हललेलं पाहून भाव कळायचा. ही विद्या त्यांनी पोराला दिली होती.

“बाजूच्या ढिगाले काय भाव सुटला, हे तुमच्या बापाले माहीत नसते,” उत्तम वर्गाला म्हणाला. “दलालाले सारं माहीत असते. म्हणून तो मोटारसायकलवर येते.”

पंधरा दिवसांत अख्खा वर्ग बोटांनी बोलू लागला. मधल्या सुट्टीत पेरूचा सौदाही रुमालाखाली व्हायचा.

मग वर्गातली गुणवंता पाटलाची उर्मिला बापासोबत मंडईत गेली. बापाचा सौदा चार बोटांवर अडला होता. तिनं त्याचा हात बाहेर काढला, स्वतःचा घातला आणि पाच बोटं घेऊनच उठली. समोरचे दलाल होते भगवंतराव. शाळेच्या संस्थेचे सचिवही तेच.

सोमवारी भगवंतराव ऐन तासाला वर्गात आले.

“मास्तर, हे कोणतं शास्त्र शिकवून राहिले तुम्ही?”

“अर्थशास्त्रच जी.”

“पुस्तकात आहे काय?”

“धडा आहे. प्रयोग नाही.”

“मंग एप्रिलनंतर प्रयोग घरीच करा. जुलैत मी दुसरा मास्तर पाहतो.”

उत्तमच्या हातातला खडू मोडला. भाऊरावांच्यानं आता पेटी उचलवत नव्हती. घर याच पगारावर चाललं होतं.

तिसऱ्या बाकावरून उर्मिला उठून टेबलापाशी आली.

“काकाजी, सौदा करता काय?”

“कशाचा?”

“सरांचा. पुढच्या साली किती महिन्यांसाठी घेता?”

कोणी हसलं नाही. अर्ध्या वर्गाचे बाप भगवंतरावांनाच माल विकत. त्यांनी बाकांवरून एकदा नजर फिरवली. एका पोरीच्या सौद्याला घाबरून निघालो, तर संध्याकाळपर्यंत मंडईत काय बोलणं होईल, हे त्यांना दिसलं असावं.

“एवढीशी होती तवा माह्या पेट्यांवर झोपत जाय,” असं पुटपुटत त्यांनी टेबलावरच्या दुपट्ट्याखाली हात घातला.

मनगटांकडे बघायचं नाही, असं उत्तमनं ठरवलं. आणि बघितलं.

भगवंतरावांचा हात नुसताच पडून होता. म्हणजे शून्य. उर्मिलेनं पंजा दाबला, पुन्हा पंजा, मग दोन बोटं. बारा महिने. त्यांनी हात मागे ओढला. तिनं सोडला नाही. मग त्यांनी दोन पंजे दिले. दहा तर ते आजही देत होते. तिनं परत बारा दाबले. भगवंतरावांच्या मानेवर घाम आला. शेवटी त्यांचं मनगट फार सावकाश हललं. पंजा, पंजा, एक बोट. उर्मिलेनं त्यांचा हात घट्ट मिटला. सौदा पक्का. दुपट्ट्याखालचा शब्द फिरवणाऱ्याला मंडईत पुन्हा कोणी हात देत नाही.

भगवंतरावांनी त्याच दुपट्ट्यानं मान पुसली.

“मास्तर,” ते म्हणाले, “निदान पोरींले तरी हे शिकवू नका.”

आणि गेले.

तास संपल्यावर उत्तमनं उर्मिलेला थांबवलं. आभार मानायचे होते. तोंडातून भलतंच निघालं.

“बाराचा भाव लावला होता तू. अकरावर काऊन सोडलं?”

ढ पोराकडे मास्तर बघतात, तशी ती त्याच्याकडे बघत राहिली.

“सर, ते दलाल हायत. त्यायले काहीच सुटलं नाही तर पुन्हा हात घालतीन काय?” तिनं दप्तर उचललं. “पुढच्या साली परत विकाचं हाय ना तुमाले.”