चालू इंजिनावर काढलेली तार

देवासच्या बसस्टँडमागे उमाशंकर बॅटरीवाल्यांचं दुकान चांगलं चाळीस वर्षं चाललं. आजोबा संस्थानात कारकून, आणि नातू ॲसिडनं भोकं पडलेला सदरा घालून हिंडतो, म्हणून नातेवाईक टोमणे मारायचे. उमाशंकर हसायचे. "आजोबांचं संस्थान बसलं; मी बसलेल्या बॅटऱ्या तरी उठवतो."

त्यांची एक खास परीक्षा होती. डायनामो बॅटरीला करंट देतोय की नाही हे पाहायला ते मीटर हुडकत बसत नसत. इंजिन चालू ठेवायचं आणि बॅटरीची एक तार काढायची. इंजिन बंद पडलं की समजायचं डायनामो गेला. जुन्या जीपांवर ही परीक्षा कधी चुकली नाही, आणि गिऱ्हाईकही तोंडात बोट घालायचं.

तर दोन वर्षांपूर्वीच्या माघात धारहून निरोप आला. थोरली बहीण यमुनाबाई, म्हणजे अक्का, अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी हात टेकलेले. उमाशंकरला घेऊन ये, मला त्याच्याशी बोलायचंय, असं तिनं धाकट्या मुलाला, पियुषला, सांगितलं होतं. पियुष देवासलाच कारखान्यात नोकरीला. सकाळी नऊ वाजता तो गाडी घेऊन दारात हजर. गाडीत बॅटरीचा लाल दिवा जळत होता.

"मामा, बॅटरी कालच चार्ज करून आणलीय. दिवसाचं जायचंय, दिवे लावायचे नाहीत. अशीच नेऊ, धारला दाखवू."

"अरे भिया, बॅटरीवाल्याचा भाचा लाल दिवा घेऊन धारमध्ये शिरणार? दोन मिनिटं थांब."

त्यांनी बॉनेट उघडलं. नव्या गाडीत असं करत नाहीत, हे पियुष सांगेपर्यंत तार निघालीसुद्धा. बॅटरी सुटल्यावर करंट उसळला तो थेट गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये. इंजिन आचका देऊन थांबलं ते थांबलंच.

मग वाकून नीट पाहिलं. इंजिनाची अर्थिंगची तार हिरवी पडून सैल झाली होती, म्हणून बॅटरीला पुरता करंट मिळत नव्हता. पॉलिश पेपरनं घासून नट आवळायचा, दहा मिनिटांचं काम. आणि तेही न करता गाडी धारला पोचली असती.

इंदूरला बस बदलून दोघं पोचले तेव्हा चार वाजले होते. अक्काची वाचा दोनलाच गेली होती. तिनं भावाकडे पाहिलं, ओठ हलवले. काही उमटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली.

त्या दिवशी दारातच अक्काच्या मोठ्या सुनेनं, कमलनं, उशीर का झाला विचारलं होतं. उमाशंकर तोंड उघडणार, तेवढ्यात पियुषच म्हणाला, "गाडीच खराब निघाली, वहिनी. मामा काय करणार."

आणि मामांनी ते तसंच राहू दिलं.

वर्षश्राद्धाच्या पंगतीत कुणीतरी पियुषला सुनावलं, आई अत्यवस्थ असताना असली खटारा गाडी घेऊन निघालास कसा? पियुष भात वाढत होता. गाडी चांगली होती, एवढंच मामांनी सांगायचं होतं. उमाशंकरांनी मान वर केली. पियुषनं हलकेच डोकं हलवून नको म्हटलं आणि त्यांच्या ताटात भात वाढला.

उमाशंकरांनी त्यावर वरण घेतलं आणि खाली पाहून जेवायला लागले.