पंडुमाआधीचा आंबा

गडचिरोलीच्या दवाखान्यात माझ्या लेकीला मुलगी झाली, तेव्हा कागदावर 'प्रीमॅच्युअर' लिहिलं होतं. हा इंग्रजी शब्द मला बँकेतून ठाऊक. मुदतीआधी ठेव मोडली की प्रीमॅच्युअर; थोडं व्याज जातं, एवढंच. इथे नातीचं वजन चौदाशे ग्रॅम होतं आणि डॉक्टर फार बोलत नव्हत्या.

बाळाला अंगाची ऊब मिळावी म्हणून लेक त्याला उघड्या छातीशी धरून बसायची. शेजारच्या खाटेवर भामरागडकडची एक बाळंतीण होती. तिचंही बाळ तसंच, अपुऱ्या दिवसांचं. तिची सासू दाराबाहेर व्हरांड्यात माझ्याजवळ बसे. एकदा मी बाजारातून आंबे आणले, एक तिच्यापुढे केला. तिने हात मागे घेतला.

"आंब्याचा पंडुम नाई झाला आमचा."

नवं फळ आधी गावाने देवाला द्यायचं, मगच तोंडाला लावायचं, असा तो सण.

"पण बाई, हा पिकलेला आहे. शिवाय तुमच्या गावचाही नाही."

"मी तर त्याच गावची न, भाऊ."

नात सोळाशेवर गेली तसा मी सुट्टी मागू लागलो. वजन वाढतंय, तर घरी का नाही? डॉक्टर म्हणाल्या, "काका, दूध ओढताना ती अजून थकते. आता सुट्टी देणं प्रीमॅच्युअर होईल."

शब्द तोच, पण या वेळी माझ्या घाईला लावलेला. तोंड पाडून मी व्हरांड्यात आलो.

"काय म्हणते डॉक्टरीण?" बाईने विचारलं.

"थांबा म्हणते."

"मंग थांबा न! रोज पोरीले तराजूत टाकून राह्यले, मोहा विकाले आणल्यावानी. तिनं घाई केली, आता आजोबानंही काऊन कराची?"

आतून लेकीचं हसू ऐकू आलं. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच.

वजन विचारणं काही माझ्याने सुटलं नाही, पण सुट्टीचं नाव काढलं नाही. नात हळूहळू न थकता दूध ओढू लागली आणि एका सकाळी डॉक्टर स्वतःच म्हणाल्या, "आता न्या."

आम्ही सामान बांधत होतो, तेवढ्यात बाईचा मुलगा गावाहून पिशवीभर आंबे घेऊन आला. तिने एक माझ्या हातावर ठेवला.

"झाला पंडुम. खा आता."

तिच्या नातवाला अजून थोडं थांबायचं होतं. त्याची तिला घाई दिसली नाही. आंबा मात्र तिने माझ्याआधी संपवला.