चालता करा

ओतूरच्या कांदा बाजारात ट्रकवरून हमाल पडला तर कुणी फारसं थांबून बघायचं नाही, इतकं ते नेहमीचं होतं. गोण्यांची थप्पी फाळक्याच्याही वर पुरुषभर चढलेली असायची. वर उभा असलेला माणूस मागे रेलून दोर आवळायचा. तोच दोर गाठी मारमारून वर्षानुवर्षं वापरायचे. तो तुटला की माणूस खाली.

मग उपाय ठरलेला. "चालता करा!" असा ओरडा व्हायचा. दोघांनी बगलेत हात घालून पडलेल्याला ट्रकभोवती फिरवायचं. पडलेला माणूस बसला की कायमचा बसतो, अशी सगळ्यांची पक्की समजूत. फेरी झाली की थोडी थट्टा आणि पुन्हा गोण्या. माझ्या वडिलांनी कित्येकांना असं चालवलं होतं.

त्या दुपारी कॉलेजातून घरी निघताना मी बाजारात डोकावले, तर दोर तुटून वडीलच पाठीवर पडलेले. "पाय जड झाल्यात," ते म्हणत होते. पण पाय हलत होते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"चालता करा दादाला!"

त्यांच्या जोडीच्या दोघांनी जिवाभावानं उचललं. "चला राव, टाका पाय." वडिलांनी टाकलेही. मागच्या चाकापाशी पोचले आणि पाय एकदम दुमडले. ते पुन्हा उभे राहिले नाहीत.

पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "यांना उठवलं कुणी? मणका मोडलेल्याला फळीवर आडवं घालून आणायचं असतं."

"कुणी न्हाई. मीच उठलो," वडील म्हणाले.

धादांत खोटं! मला इतका संताप आला की मी वॉर्डाबाहेर जाऊन उभी राहिले.

त्यांना घरी आणल्यावर ते दोघं भेटायला आले. आई दारात आडवी उभी राहिली. तिला त्यांचं तोंडही पाहायचं नव्हतं. त्यातला एक उंबऱ्याबाहेरूनच रडायला लागला, "दादा, आमीच तुमचं पाय घालवलं."

"येडा हैस का?" वडील खाटेवरून म्हणाले. "तुमी धरलं म्हून शेवटची चार पावलं तरी चाललो."

आई दारातून बाजूला झाली.